मालागातला घास

स्पेनमधल्या मालागा या समुद्रकाठच्या शहरात कावळे नाहीत. हे मी नाताळच्या दिवशी तिथल्या एका गच्चीत चार तास उभं राहून तपासलं आहे.

आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला राहतो. तिथं कावळे मुबलक! पण माझी बायको सुमन हिचं वर्षश्राद्ध नेमकं पंचवीस डिसेंबरला आलं, आणि मुलाची सुट्टीही तेव्हाच. नितीननं तिकिटं काढूनच मला सांगितलं.

"अरे, त्या दिवशी आईची तिथी आहे!"

"बाबा, तिथंही करू की. फ्लॅटला किचन आहे, टेरेस आहे, समोर समुद्र!"

समोर समुद्र होता, हे खरं. सून ऋतुजानं (पिस्कॅटवेहून आणलेल्या पिठाचे) वडे तळले, भात आणि खीर केली. मी कागदी द्रोणात घास वाढून तो गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय आम्ही कुणी जेवायचं नाही, एवढा साधा नियम.

अर्धा तास गेला. समोरच्या ताडावर पोपट आले. हिरवेगार, शेकडो, आणि भांडखोर! वड्याकडे एकानंही पाहिलं नाही. खालच्या रस्त्यावर लोक नटूनथटून, हसत, एकमेकांना मिठ्या मारत चालले होते. माझ्या घरात तिथी आणि यांचं काय चाललंय! मला फार राग आला. (त्यांचा नाताळ होता, हे मान्य. पण राग आला.)

मग एक समुद्रपक्षी आला. पांढरा, बदकाएवढा, नजर थेट वड्यावर.

"आला, आला!" नितीन ओरडला.

"हा कावळा आहे?" मी चप्पल उगारली. "हट!"

"बाबा, तो खायला तयार आहे ना!"

"तयार तर तूही आहेस. म्हणून तुला वाढू?"

"आजोबा, आय ॲम स्टार्व्हिंग," नऊ वर्षांची ईरा म्हणाली.

तिला बाहेरून काही आणावं म्हणून नितीन खाली गेला आणि हात हलवत परत आला. सगळी दुकानं बंद! सणाच्या दिवशी आख्खं शहर कुलूप लावून जेवायला बसतं, ही कुठली रीत? तीन वाजेपर्यंत मी त्या पक्ष्याला अकरा वेळा हाकललं. खिरीवर साय धरली.

"बाबा, आईंची काही इच्छा राहिली असेल," ऋतुजा हळूच म्हणाली. "बोलून बघू या का?"

नितीननं हात जोडले. "आई, मी रोज चालायला जाईन." काही नाही. (तिनं हे जिवंतपणीही खूपदा ऐकलं होतं.)

"आई, मी ईराला मराठी शिकवीन," ऋतुजा म्हणाली.

"नो वे!" ईरा म्हणाली. पोपटसुद्धा हलले नाहीत.

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. सुमन माझ्याकडे तीस वर्षं एकच गोष्ट मागत होती, ती मला पाठ होती. मी कठड्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणालो, "बरं बाई. गॅरेजमधली माझी पुस्तकं देऊन टाकतो. गाडी आत लावू."

वाक्य संपायच्या आत पांढरा झोत आला. वडा, भात, खीर, खालचा कागदी द्रोणसुद्धा गायब!

"घेतला! आईनं घेतला!" नितीनच्या डोळ्यांत पाणी होतं. ऋतुजा पानं घ्यायला आत धावली.

"थांबा!" मी ओरडलो. "तो कावळा नव्हता! हे धरता येणार नाही!"

"बाबा," नितीन तोंडात वडा कोंबत म्हणाला, "पुस्तकांचं सगळ्यांनी ऐकलंय."

पिस्कॅटवेला परतल्याला आता दोन महिने झाले. मी शब्द पाळतो आहे. आतापर्यंत एक खोकं भरून झालं. त्यात सगळी सुमनचीच पाककृतींची पुस्तकं होती. आणि तेही मी दुसऱ्या दिवशी गुपचूप उघडलं, कारण तिची आमटी कितव्या पानावर आहे, ते मला बघायचं होतं.