चाकांना, ब्रेकला, आमेन

नर्सची नोकरी लागून मी मस्कतला निघाले त्या दिवशी आमची एसटी चुकली, आणि चुकली ती प्रार्थनेमुळे. शेवगावच्या पुढे आमच्या गावच्या फाट्यावर घरची सगळी माणसं माझ्या बॅगेभोवती गोल उभी होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोळे मिटले आणि ते सुरू झाले. एरवी ‘लई’ आणि ‘न्हाई’ बोलणारा हा माणूस प्रार्थनेत एकदम पुस्तकी मराठीत शिरायचा. “हे स्वर्गीय बापा, या गाडीच्या चाकांना सांभाळ, ब्रेकला सांभाळ, चालकाच्या डोळ्यांवर झोप येऊ देऊ नकोस.” मग कंडक्टर, मग रस्त्यातले खड्डे, मग विमान. विमानालाही चाकं असतात का, हे त्यांनी आदल्या दिवशीच मला विचारून घेतलं होतं. तेवढ्यात गाडी आली, थांबली, घंटी वाजली आणि गेलीसुद्धा. आमेन म्हणून आम्ही डोळे उघडले तर समोर नुसता धुरळा.

मी रडकुंडीला आले. अप्पा शांतपणे म्हणाले, “ती गाडी आपली न्हवतीच. प्रार्थना मधीच तोडून गाडी धरायची नसती.” शेवटी दादानं, माझ्या मोठ्या भावानं, कांद्याचा एक टेम्पो थांबवला. मी परदेशाला निघाले ती गोण्यांना टेकून, आणि मुंबईच्या विमानतळावर माझ्या केसांत कांद्याची टरफलं होती. तुमच्यापैकी जे जे आपापल्या फाट्यावरून असे निघाले, त्यांच्याही केसांत काहीतरी अडकलेलं असणारच.

मस्कतमध्ये रविवारची उपासना शुक्रवारी होते. सुट्टीच त्या दिवशी. पहिल्यांदा मला ते पापच वाटलं होतं. एकाच आवारात सकाळी मल्याळी, मग तमिळ, मग उर्दू, आणि आमची मूठभर मराठी कुटुंबं बाजूच्या खोलीत ढोलकी घेऊन. ड्यूटी, रोस्टर, ऑफ या शब्दांत माझे दिवस बसू लागले. फोनवर आई म्हणायची, लई विंग्रजी झाडती ही. पण फोन ठेवताना अप्पांची प्रार्थना ठरलेली असे, आणि बॅलन्स संपेपर्यंत ती चाले.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. तिकडे मी कोविड वॉर्डात, इकडे अप्पा आणि दादा दोघंही ऑक्सिजनवर. आयुष्यात केली नव्हती एवढी प्रार्थना मी त्या दिवसांत केली. लिफ्टमध्ये केली, पीपीई किटच्या आत घामानं निथळत केली. अकरा दिवसांत दोघंही गेले. त्यांची माती, म्हणजे दफन, मी मोबाईलवर पाहिली, तीही मध्येच रेंज गेल्यामुळे अर्धीच. त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं सोडलं. भांडलेही नाही, कारण भांडायला समोर कुणीतरी आहे असं मानावं लागतं. शुक्रवारी मात्र जात राहिले, न गेलं तर दहा फोन येतात म्हणून. गाणं चालू असताना नुसते ओठ हलवायचे.

एकदा एका म्हाताऱ्या ओमानी बाबांना ऑपरेशनला नेत होतो. स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चाकांना सांभाळ.” मी दचकलेच. त्यानंतर दर स्ट्रेचरला ते आपोआप निघू लागलं. मी हे कुणाला सांगतेय, असं स्वतःला विचारायचं मी टाळत होते.

या सुट्टीत गावी आले ती कृपासाठी. कृपा ही दादाची मुलगी. तिचं नर्सिंग पूर्ण झालं आणि पुण्यात पहिली नोकरी लागली. घरात नुसती धांदल! नवी बॅग, शेंगदाण्याची चटणी, इस्त्री केलेले पांढरे युनिफॉर्म. आम्ही फाट्यावर गोल करून उभे राहिलो आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं की प्रार्थना करणारं कुणी नाही. चर्चचे पाळकसाहेब दुसऱ्या गावी मातीला गेले होते. मी आईकडे बघितलं.

“मी केली तर रडीन, आन् पोरगी रडत जाईल,” आई म्हणाली. “तू कर, सुवार्ता.”

मी डोळे मिटले. “हे स्वर्गीय बापा,” म्हणाले आणि अडकले. खोटं बोलवेना. मग जे खरं होतं तेच बाहेर आलं. “तू आमची दोन माणसं नेलीस. मी मागितली होती, तू दिली नाहीस. माझा राग अजून गेलेला नाही.” शेजारी वहिनीनं हुंदका दिला. आईनं माझा हात घट्ट दाबला, पण थांब म्हणाली नाही. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी भांडतेय. समोर कुणीतरी आहे! अंगावर सरसरून काटा आला, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग मी थांबेच ना. चाकं झाली, ब्रेक झाला, चालकाचे डोळे झाले. पुण्याचं ट्रॅफिक, होस्टेलचं पाणी, कृपाची पहिली नाईट ड्यूटी, तिच्या हातून टोचली जाणारी पहिली सुई. हॉर्न ऐकू आला. कृपानं माझी बाही ओढली, “आत्या, गाडी.” मी बोलतच राहिले.

आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर नुसता धुरळा.

कृपाचं तोंड रडवेलं झालं. आणि आई हसायला लागली, पदर तोंडाला लावून, पोट धरून. “ती गाडी आपली न्हवतीच,” ती म्हणाली. त्या अकरा दिवसांनंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. थोड्या वेळानं दुधाचा पिकअप मिळाला आणि कृपा कॅनांच्या मध्ये बसून, हात हलवत, हसत गेली. परतताना आई म्हणाली, “अप्पा गेल्यापासनं चार वर्सं फोन ठेवताना तू नुसतं आमेन म्हनायचीस, पन ते तुझं न्हवतं. मला ठाव हुतं.”

अप्पा आणि दादा गेले तेव्हा माझं घरही त्यांच्याबरोबर मातीत गेलं असं मला वाटलं होतं. ते गेलेलं नाही. ते फाट्यावर गोल करून उभं आहे, आणि त्या गोलात माझ्यासाठी अजून जागा आहे. परवा मी निघतेय. प्रार्थना आई करणार आहे, रडू आलं तर रडत करीन म्हणाली. गाडी नऊची आहे. आईला मी आठची सांगितलीय.