दोनशेचा वाटा

सारसोळे गावची मासळीवाली रंजिता तशी कुणाला भिणारी बाई नव्हे. जिवंत चिंबोरीच्या नांग्या नुसत्या हातांनी बांधायची, आणि भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत वाटेला लावायची. पण अर्थशास्त्राला मात्र ती भ्यायची.

दहावीला सुटलेलं शिक्षण तिने छत्तिसाव्या वर्षी पुन्हा धरलं. मुक्त विद्यापीठ, दर रविवारी नेरूळच्या एका कॉलेजात वर्ग. बाकीचे विषय निघाले, अर्थशास्त्रात मात्र दोनदा गचकली. त्यात नोंदणीची मुदत यंदा संपत होती. आता नापास झाली, तर सहा वर्षांचे रविवार खाडीत. नवरा नामदेव म्हणायचा, "परीक्षाच हाय ती, वाघ हाय का?" त्याचं काय जातंय बोलायला.

यंदाची लेखी कशीबशी निघाली होती. तोंडी परीक्षेच्या दिवशी तिने मासळीची पाटी जाऊबाईकडे, गोजराकडे दिली. लिंबाने तीनदा हात धुतले. तरी बाकावर बसून तळवे पदराला पुसतच होती. आधी आत गेलेली वर्गातली श्रुती डोळे पुसत बाहेर आली, तेव्हा तर रंजिताची पाचावर धारण बसली. पळून जावंसं वाटलं, पण नाव पुकारलं तशी ती उठून आत गेली.

समोर बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक होत्या, क्षिप्रा मॅडम. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "बाजारात माल कमी आला तर भावाचं काय होतं? फळ्यावर रेघ काढा."

घोकलेलं सगळं डोक्यातून पसार. उभ्या बाजूला तिने भाव लिहिला, आडव्या बाजूला माल, आणि मधोमध सरळ आडवी रेघ ओढली. माल कितीही येवो, भाव तोच.

"अशी रेघ पुस्तकात आहे?"

संपलं, रंजिताला वाटलं. डोळे भरून आले. "नाय मॅडम. पन आमचा वाटा, मासलीचा ढीग, दोनशेलाच ऱ्हातो. मासली कमी आली का वाट्यातली मांदेली कमी करायची."

"भाव का नाही वाढवत?"

"भ्या वाटतं. दोनशे दहा बोलली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जाईल. मांदेली मोजीत कोन बसत नाय."

"मग भाव वाढला की नाही?"

वीस वर्षं मासळी विकताना तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "वाढला," ती हळूच म्हणाली. "किलोमागं वाढला. फकस्त तोंडानं बोलली नाय." मग तिने आडवी रेघ पुसली, आणि जिथे माल कमी, तिथे रेघ वर चढवली.

तिचे आधीचे निकाल चाळून मॅडमनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं. "हे दोन वर्षं पेपरात का नाही लिहिलंत?"

"पुस्तकात मासली नव्हती मॅडम. मना वाटला, आपलाच चुकत असंल."

मॅडमनी गुण मांडले आणि कागद तिच्याकडे फिरवला. पास होण्यापुरते होते. रंजिताने ते दोनदा वाचले.

दुसऱ्या दिवशी बाजारात मांदेली थोडीच आली. तिने नेहमीएवढा भरगच्च वाटा लावला. सोसायटीतली रोजची बाई थांबली. "कितीला?"

रंजिताचा हात सवयीने वाट्यातली चार मांदेली काढायला गेला.

"दोनशे चाळीस," ती म्हणाली, आणि वाट्यावरचा हात मागे घेतला.