पायऱ्यांची वही

माझे शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर वाचणाऱ्याला त्रासच देईल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मात्र माझी नाही, बर्फतात्यांची आहे. पहिली पाने त्यांच्या सांगण्यावरून मीच भरली. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ती मला आणून दिली. उरलेली पाने कोरी ठेवावीत असे वाटेना, म्हणून लिहिते.

तात्या बर्फ हातात घेऊन उभे राहायचे. गावात लग्नाला कोणी मिरजेहून भुशात गुंडाळलेली लादी आणली की एक खडा मागून घेत आणि उजव्या तळहातावर ठेवत. त्या हाताला दोनच बोटे होती. बाकीची तीन पलटणीत असताना, वर पहाडात थंडीने गेली. पोरे भोवती जमत. तात्या ना खात, ना बोलत. खडा विरघळून पाणी कोपरापर्यंत ओघळले की "गेलं," एवढेच म्हणत आणि हात धोतराला पुसत.

पहाडात त्यांच्या चौकीखाली बर्फाची नदी होती. एक साहेब मोजणीला आले आणि बर्फ जिथे संपत होते तिथल्या खडकावर त्यांनी लाल रेघ मारली. तीन हिवाळ्यांनी तात्या पुन्हा त्याच चौकीवर गेले, तेव्हा बर्फ रेघेपासून चाळीस पावले मागे गेले होते. तिथल्या जुन्या शिपायांना विचारले तर ते म्हणाले, पहिल्यापासून इथेच आहे. हे तात्यांच्या मनातून कधी गेले नाही. "डोळं इसरत्यात," ते म्हणायचे, "रेघ इसरत न्हाई."

आमचे गाव कवठे महांकाळच्या पुढे, जतच्या रस्त्याला. प्यायच्या पाण्याची एकच विहीर, तिला आत उतरायला एकतीस पायऱ्या. तात्या पेन्शनीत आले त्या श्रावणात पाणी सातव्या पायरीला लागले होते. त्यांनी तिथे लाल रेघ मारली. मग दर सोमवारी वरून कोरड्या पायऱ्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, असे ठरवले. दोन बोटांत पेन धरवेना, गुडघेही धरलेले. शेजारी म्हणून माझ्या वडिलांकडे मला मागितले. वडील म्हणाले, ती कुणाशी बोलत नाही, मान वर करत नाही. तात्या म्हणाले, "खाली बघती तेच बरं हाय. पानीबी खालीच असतंय."

सोमवारी मी विहीर उतरायची, पाण्यात पाय घालून शेवटची पायरी नक्की करायची आणि येऊन त्यांच्या ओट्यावर बसून आकडा लिहायची. ते आधी माझ्याकडे बघत, मग आकड्याकडे.

बहात्तरच्या दुष्काळात दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही. विहिरीलगत शंकरअण्णांचा पानमळा होता आणि विहिरीवर त्यांचे इंजिन. पानवेलीला उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकले की ती माना टाकते. तात्यांनी चावडीवर भांडून एक कबुली घेतली. एकविसावी पायरी कोरडी पडली की इंजिन बंद, बाकीचे पाणी गावाला प्यायला. शंकरअण्णाही कबूल झाले. वहीवर विश्वास होता सगळ्यांचा.

दर आठवड्याला पाणी एक पायरी उतरत होते. एकोणीस लिहिले, वीस लिहिले. पुढच्या सोमवारी मी गेले तर चार पुरुष उघड्या अंगाने पायऱ्यांवर बसून अंघोळ करत होते आणि इंजिनाचे भाग पसरलेले होते. मी पंधरा वर्षांची. वळणावरूनच मागे फिरले. वहीत एकवीस लिहिले.

तात्यांनी आकडा बघितला आणि चावडीवर निरोप धाडला. इंजिन बंद झाले.

तिसऱ्याच दिवशी वेली सुकू लागल्या, तसे शंकरअण्णा दोन पंचांना घेऊन स्वतः विहीर उतरले. एकविसावी पायरी अजून पाण्यातच होती. इंजिन आधीचे दोन-तीन दिवस बिघडलेले होते, ते लोक दुरुस्तीलाच आले होते, म्हणून पाणी पायरीभर उतरलेच नव्हते. चावडीवर शंकरअण्णांनी वही उघडून सगळ्यांना दाखवली. "ह्या कोंबडीच्या पायावर माझा मळा वाळवला व्हय?" लोक हसले. मी दाराआड होते. तात्या म्हणाले, "मोजनी माझी हाय. चुकलो." दोनशे रुपये भरपाई ठरली. ती त्यांनी पेन्शनीतून भरली.

त्यानंतर वहीला कोणी विचारेना. इंजिन दिवसरात्र चालले. चैत्रात विहिरीचा तळ दिसला. बाया एकतीस पायऱ्या उतरून वाटीने गढूळ पाणी भरायच्या. आमची सखूकाकू तिथेच भरल्या घागरीसकट पडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. पानमळाही शेवटी वाळलाच.

काकूच्या दहाव्यानंतर मी तात्यांना खरे सांगितले. ते म्हणाले, "ठावं हाय. दर सोमवारी तुझी वली पावलं वट्यावर उमटायची. त्या दिशी वटा कोरडा व्हता."

मग बोलला का नाहीत, असे मी रडतच विचारले.

"आकडा माझ्या मनाजोगा व्हता, पोरी. मला इंजन बंदच पायजे व्हतं. म्हून मी उठून बघाय गेलो न्हाई." त्यांनी वही मागच्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "शंभर माझं, शंभर तुझं. सवडीनं दे. सोडायचा न्हाई मी."

खडी फोडायच्या कामावर मला जी मजुरी मिळे, त्यातून आठवड्याला रुपया द्यायची. ते घेत आणि वहीच्या मागच्या पानावर मलाच मांडायला लावत. सोमवार त्यांनी एकही चुकू दिला नाही. विहीर कोरडी ठणठणीत होती तेव्हाही मी उतरायची आणि लिहायची, एकतीस कोरड्या. तेही लिहायला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

पुढे पाऊस झाला. लोक म्हणाले, विहीर पहिल्यासारखी झाली. माझे लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यात गेले. अंडी विकून जमेल तेव्हा पैसे आणायची. शेवटचे पाच रुपये उरले होते, तेव्हा नागपंचमीला माहेरी आले. तात्या अंथरुणाला खिळल्याचे कळले. ओट्यावरच बाज टाकली होती.

मी आधी विहिरीवर गेले. आता तिच्यावर तीन इंजिने होती आणि पायऱ्यांवर सात-आठ पुरुष. वाट द्या, मी म्हणाले. त्यांनी दिली. मोजत उतरले. लाल रेघ कोरडीच होती. तिच्याही खाली पाच पायऱ्या गेल्यावर पाणी लागले. पाय घोट्यापर्यंत बुडवले आणि तशीच चालत तात्यांच्या ओट्यावर आले.

"बारा," मी म्हणाले आणि पाच रुपये त्यांच्या दोन बोटांत दिले.

त्यांनी नोटेकडे बघितले नाही. मान वळवून ओट्यावरची माझी पावले वाळेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "फिटलं. मांड."