कमिटीचा घास

नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाळ्यांना लागून चंद्रभागाबाईंची खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, दोन बाकडी, एक शेगडी आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा. नामपूर-देवळ्याकडून कांदा घेऊन येणारे ड्रायव्हर इथं भाकरी खातात आणि बोलणीही खातात.

स्वतः जेवायला बसण्याआधी बाई हात जोडतात. कुणाला? तर कुणा एका इंग्रज साहेबाला! त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. "ज्यानं तो नियम केला त्याचं भलं होवो," एवढंच म्हणतात. मग चेष्टा होणारच.

"मावशी, आमच्या आज्ज्यानं त्यांना हाकलायला लाठ्या खाल्ल्या, आणि तुम्ही त्यांच्या पाया पडता?"

बाई उलथनं उगारतात. "तुझ्या आज्ज्याच्याबी पडते, चल. गप जेव."

आता हा नियम कोणता ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही हसाल.

बाई मूळच्या नामपूरकडच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, पाठोपाठ पाळण्यातलं लेकरू गेलं. आधी बाईंची झोप उडाली, मग वाचा बसली, मग भान सुटलं. रानोमाळ फिरायच्या. एकदा विहिरीच्या काठावर सापडल्या. सासरच्यांनी हात वर केले. देवऋषी झाले, उतारे झाले. शेवटी धाकटा भाऊ वाल्मीक त्यांना लांबच्या एका शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात घेऊन गेला. कोर्टाचा हुकूम झाला आणि बाई फाटकाआड गेल्या.

तिथल्या औषधांनी त्या बऱ्या झाल्या. खोटं कशाला बोला, डॉक्टर चांगले होते. झोप आली, भूक आली, एके दिवशी वाचाही परत आली, आणि जी आली ती आजतागायत थांबलेली नाही! पण बरं होऊन उपयोग काय? "घरचे न्यायला आले की जा," असं सगळे म्हणत, आणि घरचे काही येईनात. वर्षामागून वर्षं गेली. रिकामं बसवेना म्हणून बाई स्वयंपाकघरात भाज्या निवडू लागल्या, वाढू लागल्या. सुरुवातीला रोज फाटकाकडे डोळे लावून बसायच्या, पुढं तिकडं बघायचंही सोडून दिलं. भावानं आपल्याला टाकलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. त्यावर डॉक्टरांकडेही गोळी नव्हती.

आता तो नियम. इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांना उंच उंच भिंती बांधल्या. मग सरकारलाच धाकधूक वाटली असावी, की भिंतीआड काय चाललंय ते कोण बघणार? म्हणून कायद्यात घातलं की बाहेरच्या माणसांची कमिटी नेमायची. तिनं महिन्याच्या महिन्याला आत फिरून विचारपूस करायची, आणि कुणी बरा होऊनही अडकून पडला असेल तर त्याला सोडायला सांगायचं. पुढं राज्य गेलं, कायदेही बदलत गेले, पण कमिटी राहिली. या इस्पितळात तर आणखी एक जुनी रीत होती. रोग्यांसाठी शिजलेल्या अन्नातला एक घास कमिटीनं खाऊन बघायचा.

आणि आपल्याकडे रीत कशी पाळतात, ते तुम्हाला मी काय सांगू! कमिटी येणार म्हटलं की चादरी बदलायच्या, फिनेल ओतायचं, वरणात डाळ दिसायला लागायची. एक साहेब उभ्या उभ्या चमचाभर वरण तोंडाला लावायचे, "छान आहे" म्हणायचे आणि रुमालानं तोंड पुसायचे. झाली तपासणी.

एकदा कमिटीत नव्या बाई आल्या. नाशिकच्या उत्तराताई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनीही रीतीप्रमाणे उभ्यानंच ताटली घेतली. वाढायला समोर चंद्रभागाबाई. त्यांना राहवेना.

"ओ बाई, उभ्यानं खातं व्हय कुणी? पाहुण्या ना तुम्ही? बसा की खाली!"

"ए, गप!" वॉर्डातली सेविका डाफरली.

उत्तराताई मात्र हसल्या आणि चक्क फरशीवर मांडी घालून बसल्या. पाहुणी पानावर बसली म्हटल्यावर चंद्रभागाबाईंना कसला दम निघतोय! त्यांनी मीठ वाढलं, कुठूनशी लिंबाची फोड पैदा केली, पाण्याचा पेला आणून ठेवला. मग वाकून हळूच म्हणाल्या, "आजचं वरण तुमच्यासाठी केलंय. आमचं खायचं आसंल तर उद्या या, न सांगता."

आणि उत्तराताई दुसऱ्या दिवशी खरंच आल्या! वरणात पातेल्याचा तळ दिसत होता. तेही त्यांनी मांडी घालून पुरतं खाल्लं, मग वर जाऊन जे बोलायचं ते बोलल्या. वरण दाट झालं ते तेव्हापासून. निघताना त्या स्वयंपाकघरात परत आल्या.

"चंद्रभागाबाई, तुम्ही तर चांगल्या ठणठणीत आहात. मग इथं का?"

"घरचे न्यायला येत नाय ना."

"त्यांना कुणी विचारलंय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना सुचलाही नव्हता.

उत्तराताईंनी हे काम दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. त्या स्वतः नामपूरच्या कांदा मार्केटात गेल्या, विचारत विचारत वाल्मीकला गाठलं आणि पुढच्या महिन्यात कमिटीसमोर हजर राहायला सांगितलं. हे कळल्यावर बाईंना अन्न गोड लागेना. भाऊ येऊन तोंडावर "नको" म्हणाला तर? मग आयुष्य इथंच काढायचं.

वाल्मीक आला. केस पिकलेले, अंगात लग्नाला घालायचा सदरा. शिपायानं नाव पुकारेपर्यंत दाराबाहेरच उभा राहिला. बाई भिंतीशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"इतकी वर्षं कुठं होतात?" कमिटीच्या अध्यक्षांनी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"घरीच, साहेब." वाल्मीकनं हात जोडले. "डाक्टरसाहेब बोलले होते, पेशंट बरा झाला का आम्ही बोलावू. मधी मधी येऊन त्रास द्यायचा नाय. मंग वाट बघत होतो."

"अहो, पण इतकी वर्षं?"

"सरकारनं बोलावल्याबिगर कसं यायचं, साहेब?"

इस्पितळ म्हणत होतं घरचे येतील, घर म्हणत होतं इस्पितळ बोलावेल. आणि मधल्या मधे एक बाई भाज्या निवडत बसली होती!

"भाऊबीजेला मात्र यायचो," वाल्मीक खाली बघून म्हणाला. "फाटकापर्यंत. तिथल्या वाचमन भिकाभाऊंना इचारायचो, माझी बहीण बरी शे ना? ते बरी म्हणले का परत जायचो."

अध्यक्षांचा विश्वास बसेना. त्यांनी फाटकावरच्या भिकाला बोलावलं.

"येतो साहेब, दरसाल येतो," भिका म्हणाला. "किती येळा म्हणलं आत जाय, तर म्हणतो बोलावणं नाय. बाईलाबी सांगू देत नव्हता, तिला तरास होईल म्हणायचा."

चंद्रभागाबाई ताडकन उठल्या आणि भावाच्या पाठीत दणादण गुद्दे घालू लागल्या. "अरे मुडद्या! भाऊबीजेला मी आत भिंतीकडं तोंड करून पडायची रे! दारात येऊन परत जायचा? हाक तरी मारायची!" वाल्मीक मार खात होता आणि लहान पोरासारखा रडत होता. रडता रडता बाईंना हसू फुटलं. टाकलं नव्हतं! भावानं आपल्याला टाकलं नव्हतं!

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "चंद्रभागाबाई, तुम्हाला यांच्याबरोबर जायचंय का?"

हे विचारणंही त्या नियमातलंच. लग्न ठरलं तेव्हा, सासरहून काढलं तेव्हा, इथं आणून घातलं तेव्हा, तुला काय हवंय असं बाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"नाय साहेब. मी याच्याबरोबर नाय जात. हा पुन्हा कुठंतरी बोलावण्याची वाट बघत बसंल," बाई म्हणाल्या. "मीच याला घरी घेऊन जाते."

आणि भावाचं मनगट घट्ट धरून त्या फाटकाबाहेर पडल्या.