गायरानातले अनोळखी इसम

अर्ज मीच लिहिला. सही-शिक्का सरपंचाचा, अक्षर माझं. मी शाळामास्तर, त्यामुळे गावातला प्रत्येक सरकारी कागद माझ्याच गळ्यात पडतो. "तुन्हं अक्षर चांगलं शे, तूच लिख," मोठा भाऊ म्हणाला आणि मी शहाण्यासारखा बसलो लिहायला. 'काही अनोळखी इसमांनी गायरानात मेंढ्यांसह विनापरवाना तळ ठोकला आहे.'

अनोळखी म्हणे! तापीकाठच्या आमच्या शेतात दरवर्षी गहू निघाला की याच मेंढपाळांच्या मेंढ्या बसतात. लेंड्यांचं खत हवं म्हणून भाऊच बोलावणं धाडतो. पहिल्या दिवशीची भाकरी आमच्या घरून जाते, तशी रीतच आहे. त्यांच्यातली म्हातारी तर माझ्या आईच्या चुलीशी बसून जेवलेली. आमच्या शेतात बसले तर पाहुणे, गायरानात बसले तर गुन्हेगार. वा रे न्याय! आणि गायरान तरी उरलंय कुठं? एका कोपऱ्यात सरपंचाचा गोठा, दुसऱ्यात आमचीच कडब्याची गंजी. त्या दोन्हींवर अर्ज लिहायला मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आमचा गहू निघायच्या आधीच, वाटेतच मेंढ्या व्याल्या, म्हणून ते गायरानात थांबले होते. अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांना कागद देऊन गेले. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, नाहीतर गुन्हा दाखल. मागे माझ्या अर्जाची नक्कल जोडलेली. म्हातारी ते सगळं घेऊन सरळ माझ्याच ओट्यावर आली.

"गुरुजी, वाची दखाडा."

वाचून दाखवलं. 'अनोळखी' तेवढं गाळलं.

"आठ दिन द्या. पिल्लं चालाले लागनात का आम्ही निंघी जाऊत," ती म्हणाली. "तुम्ही आम्हले वळखतस, इतलं कागदवर लिखी द्या. पोलीस मानतीन."

एक ओळ लिहायची होती. पण गाव काय म्हणेल, सरपंच काय म्हणेल! "माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो, तेही शाळेतल्या मराठीत. एरवी मी तिच्याशी असा कधी बोलत नाही. ती पाणीही न पिता उठली.

भर उन्हात निघाले. घोड्यावरच्या झोळीत मावली तेवढी पिल्लं घेतली, बाकीची चालवली. सारंगखेड्याच्या पुलापर्यंत तीन मेली, असं दूधवाल्यानं सांगितलं. मी ऐकलं आणि शाळेत गेलो. थू माझ्या अक्षरावर!

यंदा गहू निघाला, मेंढ्या आल्याच नाहीत. भावानं निलाजऱ्यासारखा फोन लावला. म्हातारीनंच उचलला.

"येऊत ना," ती म्हणाली. "पन तुम्हीच बलावं, असं लिखेल गुरुजीना हातना कागद धाडा पहिले. वर आमनं नाव लिखा."

भावानं वही माझ्यापुढे सरकवली. मी पेन उघडलं आणि थांबलो. इतकी वर्षं आमच्या शेतात बसणाऱ्या माणसांचं नाव मला माहीत नव्हतं. भावाकडे पाहिलं. त्यालाही नव्हतं.

"फोनात बघ," मी म्हणालो.

त्यानं पाहिलं. फोनात फक्त 'मेंढ्यावाले' असं होतं.