मार्चपर्यंत मी अंटार्क्टिकात होते

गावात माझा सत्कार झाला, म्हणून माझं अंटार्क्टिका गेलं. हे वाक्य वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे. मी समुद्र आणि ध्रुवप्रदेशांचं शास्त्र शिकत होते, त्या वर्षी विद्यापीठात लागोपाठ तिसऱ्यांदा पहिली आले होते, आणि दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमेत विद्यार्थ्यांसाठी असलेली एकुलती एक जागा मला मिळाली होती. ती मी आजारपणात गमावली नाही, कुणी वशिला लावून हिसकावलीही नाही. एका शालीपायी आणि एका नारळापायी गमावली.

आमचं गाव किन्हीराजाजवळचं, सोयाबीन-तुरीचं. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र चारशे किलोमीटरच्या आत लागत नाही. बारावीला मी तालुक्यात पहिली आले तेव्हा सगळ्यांनी मला परस्पर डॉक्टर करून टाकलं होतं. मी समुद्राचं शिकायचं म्हटलं आणि घरात सुतक पडलं. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओट्यावर बसून चारचौघांत म्हणाले, "समुद्राचं शिकून करशील काय वं? एकबुर्जीच्या धरनात मासे मोजशील?" पुढे महिनाभर जो भेटेल तो मला मासे किती झाले म्हणून विचारायचा.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "जाय. पाहून ये कसा असते त समुद्र." घरात मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर ते एवढं एकदाच गेले. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे आणि पुढे जे झालं त्यासाठी त्यांच्यावर रागही आहे. दोन्ही खरं आहे.

किनाऱ्यावरच्या त्या विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात कळलं की जहाजावर जायचं तर पोहण्याची परीक्षा द्यावी लागते. वर्गातली निम्मी मुलं बंदराच्या गावांतली, पाण्यातच वाढलेली. आमच्याकडे विहिरीत उड्या मारायच्या त्या पोरांनी, आम्ही मुलींनी काठावर धुणी धुवायची. एकोणिसाव्या वर्षी मी तरणतलावात सात-आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभी राहून पोहायला शिकले. नाकातोंडात पाणी गेलं, पोरी खिदळल्या, पण परीक्षा पास झाले. बाकीचं मला सोपं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर समुद्र ठेवायचा आणि त्यातली डोळ्यांना न दिसणारी शेवाळं ओळखून मोजायची. आई तुरीच्या डाळीतले खडे निवडते तशी मी ती निवडायचे, तासन् तास, न कंटाळता. पहिली येणं ही मला सवयच झाली होती. नेहमी दुसरा येणारा रत्नागिरीकडचा एक मुलगा होता, तो म्हणायचा, "तू कधीतरी आजारी पड ना." मी कधी पडले नाही.

मोहिमेच्या यादीत माझं नाव पहिलं आणि राखीव म्हणून त्याचं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: बुधवारी सकाळी आठला दिल्लीतल्या इस्पितळात तपासणी. डॉक्टरांचं मंडळ त्या एकाच दिवशी बसणार, दुसऱ्या दिवशी पहाटे तुकडी बर्फातल्या सरावासाठी डोंगरात जाणार. जो आला नाही त्याच्या जागी त्याच दिवशी बोलावलेला राखीव उमेदवार. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मी पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

पोळ्याला चार दिवस घरी आले होते. सोमवारी नागपूरहून दिल्लीची गाडी होती, आरक्षण झालेलं. मोठेबाबांनी रविवारी सत्कार ठेवला. मासे मोजणारी पुतणी आता एकदम घराण्याचं नाव झाली होती. त्यातही खरी गोम अशी की त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि ते ज्या नेत्याच्या हातात होतं त्याला गावात आणायला काहीतरी निमित्त हवं होतं. ते निमित्त म्हणजे मी.

फ्लेक्स छापायला मी मोठेबाबांबरोबर शेलूबाजारला गेले. दुकानातल्या चाचांनी माझ्या फोटोशेजारी एक भलंमोठं पांढरं अस्वल बसवलं होतं. मी म्हटलं, "चाचा, पांढरी अस्वलं उत्तरेला असतात. मी दक्षिणेला चालले आहे, तिथे एकही नाही."

"राहू दे न बेटा," चाचा म्हणाले. "अस्वल टाकलं त पब्लिक थांबून पाह्यते."

मग त्यांनी पडद्यावरची अक्षरं वाचली: अंटार्क्टिका मोहीम गाजवणाऱ्या आमच्या सुकन्येचा भव्य नागरी सत्कार. चष्मा वर करून त्यांनी मोठेबाबांकडे पाहिलं. "भाऊसाहेब, पोरगी अजून गेली कुठं हाय? आमच्याकडं हजले निघालेल्या मानसाले बी हाजी परत आल्यावरच म्हनतात."

मोठेबाबा हसले. "गेल्यासारखंच हाय चाचा. छापा तुमी."

चाचांनी छापलं. त्या सगळ्या भानगडीत अक्कल असलेला हा एकच माणूस मला भेटला, आणि त्याचं ऐकायला मी उभी राहिले नाही. अस्वल काढून घेण्याच्याच नादात होते.

रविवारी नेत्याला दुसरीकडे जावं लागलं. सत्कार सोमवारवर गेला, सोमवारी कुणीतरी वारलं म्हणून मंगळवारवर. माझी गाडी सुटली. मी थयथयाट केला. मोठेबाबांनी लगेच मंगळवारी संध्याकाळचं नागपूरहून दिल्लीचं विमानाचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "सकाळी अकराले कार्यक्रम. बाराले तू गाडीत. समृद्धीवरून तीन घंट्यात नागपूर. काहून घाबरून राह्यली?" मी कधी विमानात बसले नव्हते. खोटं कशाला बोलू, तेही डोळ्यांपुढे आलंच.

मंगळवारी अकराला मांडव भरला. शाळेची मुलं आणली होती, बँड होता, अस्वल होतं. नेता नव्हता. बारा वाजले, एक वाजला. मुलांना खिचडी वाटली. दोन वाजता मी स्टेजवरून खाली वाकून मोठेबाबांना म्हटलं, "मी निघते." ते म्हणाले, "आपलं मालेगाव सोडलं त्यांनी. आले म्हनून समज. पाच मिनिटांसाठी बेइज्जती करते काय?"

बाबा पहिल्या रांगेत होते. ते घड्याळ बघत होते ते मला दिसत होतं. अडीचला ते उठले, भावाजवळ गेले, हळू आवाजात काहीतरी बोलले. मोठेबाबांनी त्यांच्याकडे न पाहता हाताचा पंजा खाली केला, बैलाला बस म्हणतात तसा. आणि बाबा जाऊन बसले.

नेता साडेचारला आला. त्यानं अर्धा तास भाषण केलं. ही कन्या समुद्राच्या तळाशी तिरंगा फडकवणार आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग शाल, नारळ, फोटो, पुन्हा फोटो, कारण पहिल्या फोटोत मोठेबाबांचे डोळे मिटलेले होते.

आता जे सांगते ते मला सांगायला आवडत नाही. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. बाहेर रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या. मी अकरा वाजता उतरून चालू लागले असते तर कोण आडवं येणार होतं? मी उतरले नाही. ज्यांनी मला मासे मोजणारी म्हणून चिडवलं ती सगळी माणसं समोर सतरंजीवर बसली होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती शाल खांद्यावर पडली तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हुशार पोरीची अक्कल कुठे शेण खाते ते मला त्या दिवशी कळलं, पण तोपर्यंत पाच वाजून गेले होते.

विमान गेलं. रात्रभर गाड्या बदलत मी बुधवारी संध्याकाळी दिल्लीला पोहोचले. वाटेत, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्या रत्नागिरीच्या मुलाचा फोन आला होता. "कुठे आहेस? मी यांना थांबवतो आहे, अजून अर्धा तास. ये ना!" तो खरंच थांबवत होता. त्याला जागा हवी होती, तरी तो थांबवत होता. त्याचा मला इतका राग आला की मी फोन कापला. इस्पितळाच्या त्या मजल्यावर मी गेले तेव्हा एक बाई फरशी पुसत होती, तिनं मला पाय उचलायला सांगितलं.

मोठेबाबांना फोन केला. वाटलं होतं, निदान ओशाळतील. ते म्हणाले, "झालं ते झालं. पन गावात कोनाले सांगू नोको. सत्कार झालाय. पेपरात फोटो आलाय. ते लोक कवा वापस येतात?"

"मार्चमध्ये."

"मंग मार्चपर्यंत तू बी येऊ नोको."

मी होस्टेलवर परत गेले. सरावाहून ती तशीच जहाजावर चढली, असं गावात सांगण्यात आलं. दिवाळीला मेस बंद होती, मी खोलीत मॅगी करून खाल्ली. संक्रांत गेली. आईला फोन केला तर कधी ती रडायची, आणि कधी शेजारीण येऊन बसली की मोठ्यानं म्हणायची, "हॅलो? हॅलो? आवाजच येत नाई वं. बर्फात नेटवर्क नसते त्याहिले," आणि फोन ठेवून द्यायची. माझ्या आईला आयुष्यात खोटं बोलता येत नव्हतं. अंटार्क्टिकानं तिला ते शिकवलं.

फेब्रुवारीत मोठेबाबांच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही दोघी एका वर्षाच्या, एका ताटात जेवलेल्या. पत्रिकेचा फोटो तिनं मला पाठवला. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या यादीत माझंही नाव होतं आणि पुढे कंसात छापलं होतं: अंटार्क्टिका. तिनं खाली लिहिलं होतं, "बाबा ऐकून नाई राह्यले. माफ कर." तिची हळद लागली त्या दिवशी मी प्रयोगशाळेत शेवाळं मोजत होते. त्या दिवशी मोजणी चार वेळा चुकली.

तो मुलगा मार्चमध्ये परत आला, ओठ फुटलेले, नाकाचं कातडं सोललेलं. माझ्या प्रबंधासाठी त्यानं न सांगता दक्षिणेकडच्या समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून आणलं होतं, प्रत्येक बाटलीवर माझं नाव. मी धन्यवाद म्हटलं. त्या पाण्यावर प्रबंध लिहिला आणि पुन्हा पहिली आले, सुवर्णपदक मिळालं. तो दुसरा आला. त्यानं बर्फ पाहिला होता, मी बाटल्या पाहिल्या होत्या. आणि हो, मोठेबाबांना तिकीट मिळालं नाही ते नाहीच.

मार्चच्या शेवटी मला घरी यायची परवानगी मिळाली. बाबा मोटारसायकल घेऊन फाट्यावर न्यायला आले होते. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण बसलेले. कुणीतरी म्हटलं, "आली काय अंटारटिकावाली?" मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ते म्हणतील की पोरगी थकली आहे, उद्या बोला. बाबांनी गाडी स्टँडवर लावली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "सांग न याहिले. थंडी कशी असते तिथं?"

मला सगळं पाठ होतं. किनाऱ्यावर उन्हाळ्यात किती, आतल्या पठारावर किती, वारा सुटला की किती, ध्रुवावर सहा महिने दिवस कसा आणि सहा महिने रात्र कशी. मी सांगितलं. एकही आकडा चुकला नाही. माणसं तोंडाचा आ करून ऐकत होती आणि बाबा कपातला चहा विसरून माझ्याकडे बघत होते.

मग आम्ही निघालो. मी मागे बसले होते. दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली वावरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबांनी गाडीचा वेग कमी केला आणि मान थोडी वळवून विचारलं, "अन् प्याचं पानी वं? तिथं प्याचं पानी कुठून आनतात?"

मी म्हटलं, "बाबा, मी गेलेच नाही."

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "तरी सांग."

घर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.