झाडलेली वाट

रोज सकाळी मी जंगलातली ही वाट खराट्यानं झाडतो. पाला हटला की मातीत पाऊल उमटतं. सह्याद्रीतल्या या रानातला वाघ कधीच संपला होता, म्हणून आमच्या चंद्रपूरकडची वाघीण इथे आणून सोडली. तिच्यामागे मलाही आणलं. शाळा आठवीत सुटली, पण ठसे वाचता येतात, एवढ्यावर काम मिळालं. तिचे उपकार विसरणार नाही.

वाटेच्या कडेला जांभळाची रोपं आहेत. सांबरं शेंडे खुडतात, म्हणून ती गुडघ्याच्या वर जातच नाहीत. वाघाच्या धाकानं सांबरं पांगतील, झाडं वाढतील, असं वनखात्याचे साहेब म्हणाले होते.

डबा आणणाऱ्या जनामावशी रोज विचारतात, "काय पाव्हणं, आली का तुमच्या गावची लेक?"

"येईल ना मावशी, जाते कुठं!"

आज ठसा दिसला. आमच्याकडे करतात तसं मी आनंदानं काडीनं भोवती गोल काढला. मग पाहिलं, बोटं पूर्वेला, आमच्या चंद्रपूरच्या बाजूला होती आणि टाचेवर सांबराचा खूर उमटला होता. ते बिचकलंही नव्हतं. दुपारी साहेबांचा फोन आला. डोंगर उतरून ती उसाच्या रानात शिरली होती, घराच्या दिशेनं.

वाघ गाडीत घालून आणता येतो, पण या रानात त्याचा धाक कसा रुजवायचा? ती गेल्यावर माझं इथे काय काम? तरी तिला थांब म्हणायला माझं तोंड नाही. मलाही तिकडंच जावंसं वाटतं.

संध्याकाळी सांबर आलं. माझ्याकडे बघत बघत त्यानं जांभळाचा नवा शेंडा खाल्ला.